बाकावर जागा आहे

३ मार्च, सोमवार

ठरलं म्हणजे ठरलं. फोरम काढायचा. नाव: बाक.

बल्बचा कारखाना बंद पडला तेव्हा आम्ही बायका चार दिशांना गेलो. कुणी मुलाकडे, कुणी लेकीकडे, कुणी कुणाकडेच नाही. त्या सगळ्यांना पुन्हा एका ठिकाणी बसवायचं. इंटरनेटवर. तिथे जिना चढावा लागत नाही.

कमरेचं ऑपरेशन झाल्यावर चिरंजीवांनी त्यांचा जुना लॅपटॉप मला दिला. म्हणजे म्हातारी खुर्चीत बसून राहील आणि स्वयंपाकघरात जाऊन सुनेला शहाणपण शिकवणार नाही. बेत फसला. मी लॅपटॉप शिकले आणि स्वयंपाकघरातही जाते.

सून म्हणाली, आई, व्हॉट्सॲपचा ग्रुप करा की, दोन मिनिटांचं काम. तिला म्हटलं, ग्रुपवर सकाळी फुलं येतात, दुपारी फुलं येतात, कुणी मेलं तरी फुलंच येतात. बोलणं कुठाय? फोरमवर एकेका विषयाचा वेगळा बाक असतो. ज्याने त्याने आपापल्या बाकावर बसावं, बोलावं, उद्या येऊन पुन्हा तिथूनच सुरू करावं. ती म्हणाली, बरं, पण तुमच्याकडे त्या बायकांचे नंबर तरी आहेत का?

काहींना खोचक प्रश्न विचारायची सवयच असते.

हे मी सगळ्यांसाठी करते आहे. कुणा एकीसाठी नाही. लिहून ठेवते, पुढे वाद नको.

एका व्हिडिओत सांगितलंय की फोरम चालवणाऱ्या ॲडमिनने लॉग लिहावा. हा तो लॉग. दुसऱ्या कुणी वाचायचा नाही.

५ मार्च, बुधवार

होस्टिंग निवडायला बसले. म्हणजे आपला फोरम कुणाच्या कॉम्प्युटरवर भाड्याने ठेवायचा ते. कंपन्या इतक्या आहेत आणि सगळ्या एकच सांगतात: आम्ही सर्वांत वेगवान. लग्न जुळवणाऱ्या बायकांसारखं. एकाही मुलीला तिरळेपणा नसतो.

शेवटी जिथे फोन माणूस उचलतं ती कंपनी घेतली. फोनवर एक बाई आहे. सपोर्टवाली. आवाज गोड, पण घशाशी काहीतरी अडकल्यासारखं बोलते. तिने तीन प्रकार सांगितले. पहिला शेअर्ड: एका कॉम्प्युटरवर शंभर भाडेकरू, नळ एकच. शेजारच्याने पाणी जास्त घेतलं की आपली बादली कोरडी. दुसरा व्हीपीएस: इमारत एकच, पण नळ आपापला. तिसरा डेडिकेटेड: घर आपलं, नळ आपला, छप्पर गळलं तर तेही आपलं.

तिचं म्हणणं, मॅडम, नवा फोरम आहे, पहिला प्लॅन घ्या, गर्दी वाढली की मोठा घेऊ. मी म्हटलं, बाई गं, गर्दी वाढल्यावर दार मोठं करायचं नसतं. लोक दारात चेंगरतात.

मग तिने विचारलं, एका वेळी साधारण किती जणी ऑनलाइन असतील? तिला आमच्या कॅन्टीनचं गणित सांगितलं. जेवायची सुट्टी तीन पाळ्यांत व्हायची, म्हणून एका वेळी एक तृतीयांश बायका. पण त्या सगळ्या एकदम बोलायच्या आणि ऐकायचं कुणीच नाही. तेव्हा लिहिणाऱ्या सगळ्या धर, वाचणाऱ्या शून्य.

ती म्हणाली, सीनियरला विचारून सांगते.

६ मार्च, गुरुवार

सीनियरलाही समजलं नाही. म्हणजे माझा प्रश्न उच्च दर्जाचा आहे.

आज डेटाबेसचं. फोरमवर जे काही लिहिलं जातं ते डेटाबेस नावाच्या कोठीत साठतं. कोठी केवढी घ्यायची? सपोर्टवाली म्हणाली, एका जीबीत लाखो पोस्ट मावतील, तुम्हाला आयुष्यभर पुरेल. मी म्हटलं, तू लवंगीला ऐकलेलं नाहीस.

लवंगी कोण ते लिहायचं कारण नाही, पण लॉग पूर्ण असावा. लवंगी म्हणजे माझ्या बाकावरची. एवढीशी मूर्ती, आणि तोंड उघडलं की मिरची. तिला लवंगी म्हणत, मला सुरी. आम्ही दोघी आयुष्य-चाचणीच्या खोलीत होतो. तिथे भिंतभर बल्ब लावून ठेवायचे आणि विझेपर्यंत बघत बसायचं. कुठला कधी गेला ते लिहायचं. लवंगी म्हणायची, पगारी नोकरी बघ कशी, मरणाऱ्याच्या उशाशी बसायचं आणि रडायचंही नाही. दिवसभर बोलायची. श्वास घ्यायला थांबली की मला वाटायचं वीज गेली.

कारखाना बंद झाल्यावर मुलाकडे गेली, लांब. आधी फोन यायचे. मग कमी झाले. मग नंबर लागेना. तिने करायला हवा होता. मी का करू? मी तर होते तिथेच आहे.

ती एकटी अर्धी कोठी खाईल. ठरलं: सर्वांत मोठी घेते.

१० मार्च, सोमवार

डेडिकेटेड घेतला. आपलं घर, आपला नळ. सून म्हणाली, आई, एवढ्यात तर एखादी छोटी बँक चालेल. पैसे माझे, कारखान्याचे, मी हातात काच घुसवून मिळवलेले. बँक काढायची का बाक, ते मी बघेन.

फोरम बसवून दिला मात्र तिनेच. फिरत्या खुर्चीवर बसून, एका कानाला ऑफिसची मीटिंग लावून, अर्ध्या तासात. शिकलेली आहे. स्वभाव बरा असता तर सोनं होती.

बाक मांडले. टेस्टिंग. पॅकिंग. कॅन्टीन. घड्याळबाईच्या चुगल्या (घड्याळबाई आमची सुपरवायझर, मनगटाकडे बघत जन्मली असावी). आणि शेवटी एक: आयुष्य-चाचणी. तिथे खरं तर आम्ही दोघीच होतो, पण कुणीही येऊन बसू शकतं. मी काही पाटी लावलेली नाही.

जे ऑनलाइन असतं त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो. टेस्टिंगच्या बाकावर बल्ब लावावा आणि तो पेटावा, अगदी तसं. सध्या एक पेटलेला आहे. माझा.

पहिल्याच दिवशी शंभर टक्के हजेरी.

१४ मार्च, शुक्रवार

निमंत्रणं पाठवली. माझ्याकडे होते तेवढ्या नंबरांवर. एक नंबर गॅसवाल्याचा निघाला. एकीच्या नंबरवर एक पुरुष बोलला, म्हणाला हा नंबर मला नवा मिळालाय, आजी, मागे कुणाचा होता ठाऊक नाही. एकीच्या नातीने उचलला. म्हणाली, आजीला आता फोन धरवत नाही.

प्रतिसाद उत्साहवर्धक. आता गर्दी होईल.

१९ मार्च, बुधवार

गर्दी नाही. कारण सापडलं: सर्व्हर मंद आहे. बायका दाराशी येतात आणि दार उघडत नाही म्हणून परत जातात. सपोर्टवालीला झापलं. ती म्हणाली, मॅडम, तुमचा सर्व्हर अगदी मोकळा आहे, काहीच काम करत नाहीये. मी म्हटलं, तेच तर म्हणते मी! काम का करत नाही?

बिचारी. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढंच शिकवतात त्यांना.

रॅम वाढवून घेतली.

२२ मार्च, शनिवार

आली! पहिली सभासद आली!

खोटं नाव घेऊन आलीय, इंग्रजीत, पण मी ओळखलं. तिने प्रत्येक बाकावर एकच लिहिलंय: उत्तम घड्याळं, अर्ध्या किमतीत, त्वरा करा. दुसरं कोण असणार? घड्याळबाई! रिटायर झाल्यावर धंदा काढलेला दिसतोय. आयुष्यभर आम्हाला वेळेवरून छळलं, आता वेळ विकते.

मोठ्या मनाने लिहिलं: बाई, झालं गेलं विसरू. गुडघे कसे आहेत? मुलगा सुधारला का?

तिने उत्तर दिलं: उत्तम घड्याळं, अर्ध्या किमतीत.

सून इतकी हसली की मीटिंगमधल्या लोकांनी तिला विचारलं काय झालं. म्हणते, आई, तो रोबो आहे, माणूस नाही, सगळीकडे असंच लिहीत फिरतो. मी म्हटलं, मग घड्याळबाईच आहे.

तिला काढून टाकायला सांगते. मी नाही काढलं. एकच आहे सध्या.

२७ मार्च, गुरुवार

आज एक साधी गोष्ट डोक्यात आली. इतके दिवस का आली नाही? कमरेमुळे.

कारखान्याच्या गेटाशी फळा होता. प्रत्येकीचा पत्र्याचा एक बिल्ला, त्यावर तिचा नंबर. आत शिरताना आपला बिल्ला पेटीतून काढून फळ्यावरच्या खिळ्याला लावायचा. भोंगा झाला की फळा बंद. ज्याचा बिल्ला नाही त्याचा दिवस नाही. मग कुणाला उशीर झाला की मैत्रीण दोन बिल्ले लावायची. सगळ्या करायच्या. घड्याळबाईलाही माहीत होतं, पण तिला कोण किती वाजता आलं तेवढंच दिसायचं, कोण कुणासाठी आलं ते नाही.

लवंगीचा बिल्ला मीच लावायची. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं आवरून निघेपर्यंत उशीर. धापा टाकत यायची. रामराम नाही, काही नाही, पहिला प्रश्न हाच: माझा बिल्ला लावला का गं? मी म्हणायची, लावला, बस. रोज. इतकी वर्षं मी लावला, पण एक दिवस विश्वास नाही ठेवला मेलीने, विचारायचीच.

तर आता: बायका येईपर्यंत त्यांची खाती मी उघडून ठेवायची. बिल्ले लावून ठेवायचे. आल्या की नुसतं बसायचं.

पहिलं खातं लवंगीचं उघडलं. वर्णानुक्रमाने नाही, हे मान्य आहे.

३१ मार्च, सोमवार

सगळी खाती झाली. पॉवरलूमवाली, तीनकप (चहाचे), रडूबाई, जुनी जोडी, नवी जोडी, सगळ्या. आज एकेकीच्या नावाने आत गेले, बाहेर आले, पुढचीच्या नावाने आत गेले. हिरवा ठिपका माणूस गेल्यावरही थोडा वेळ राहतो. भरभर केलं तर पडदाभर ठिपके पेटतात. फक्त शेवटच्या बाईपर्यंत पोचावं तोवर पहिली विझायला लागते. मग पुन्हा पहिल्यापासून.

हात सरावलेत. आयुष्य-चाचणीत हेच तर केलं.

फोरम फुललाय. रॅम वाढवली ते किती बरं झालं.

२ एप्रिल, बुधवार

सपोर्टवालीचा आपण होऊन फोन. घाबरलेली. म्हणाली, मॅडम, तुमच्या फोरमवर हल्ला होतोय, एकाच ठिकाणाहून कुणीतरी पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या नावांनी आत शिरतंय, आम्ही तो रस्ता बंद केलाय.

म्हणून आज सकाळपासून मलाच आत जाता येईना होय!

तिला समजावलं की कारखान्याला गेट एकच असतं, सगळ्या बायका तिथूनच येणार. ती म्हणाली, म्हणजे सगळ्या एकाच घरात राहतात? म्हटलं, हो. खोटं नाही ते. सध्या तरी सगळ्या इथेच राहतात.

रस्ता उघडून दिला. आता मला आजी म्हणते. लाडात आली असेल.

७ एप्रिल, सोमवार

नुसते ठिपके बरे दिसत नाहीत. बोलल्या पाहिजेत. कुणीतरी सुरुवात करून द्यावी लागते, नाहीतर बायका लाजतात. म्हणून मीच त्यांच्या वतीने थोडं थोडं लिहिते. कोण काय बोलेल ते मला पाठ आहे.

रडूबाईने लिहिलं की तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. जुन्या जोडीने नव्या जोडीला टोमणा मारला. तीनकपने लिहिलं की खिडकी उघडी ठेवा, तिला गुदमरतं. त्यावर रडूबाई म्हणाली, बंद ठेवा, मला वारा लागतो. मग जे भांडण पेटलं! तीनकपच्या तोंडाला तर काही धरबंधच नाही. रडूबाईच्या सासरपर्यंत पोचली. मी ॲडमिन आहे, शिस्त ठेवावी लागते. तीनकपला बंदी घातली. तिच्या नावापुढे आता लाल खूण. माफी मागितल्याशिवाय आत घेणार नाही.

दिवस छान गेला. घसा बसल्यासारखा वाटतोय. बोलले तर काहीच नाही.

फक्त लवंगीच्या नावाने काही लिहिता येत नाही. तिचा ठिपका पेटवते, रकाना उघडते, आणि बसते. तिच्या तोंडी शब्द घालणारी अजून जन्मायची आहे.

विचार करत असेल. नंतर एकदम बोलेल.

११ एप्रिल, शुक्रवार

सुनेने बघितलं. मी तीनकपच्या जागी दुसरी बाई पेटवत होते, ती मागे येऊन उभी राहिली, किती वेळ कोण जाणे. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. चहा ठेवून गेली.

तिनेच सांगितलं असणार. संध्याकाळी चिरंजीव खुर्ची ओढून बसले, डॉक्टरसारखे. म्हणाले, आई, तुला एकटं वाटतं का? म्हटलं, मला? माझ्या पडद्यावर बघ, पाय ठेवायला जागा नाही. तो म्हणाला, आई, ते सगळं तूच आहेस. मी म्हटलं, मग? तुझ्या लहानपणी आई, बाप, मास्तर आणि डॉक्टर मीच होते, तेव्हा तक्रार केली नाहीस.

उठून गेला. जिंकले.

१२ एप्रिल, शनिवार

स्टोअरवाला आला होता. कारखान्याचं स्टोअर सांभाळायचा, आता एका कानाने ऐकतो आणि दुसऱ्याने ऐकल्यासारखं करतो. मीच बोलावलं, म्हटलं बघ तरी आपला फोरम. पाय पुसून आला, चष्मा बदलला, पडद्याला नाक लावलं.

एकेक नाव वाचायला लागला. पॉवरलूमवाली? म्हणाला, सुरी, ती गेली. कधीच. जुनी जोडी? दोघीही गेल्या, एक आधी, एक महिन्याने. रडूबाई आहे म्हणतात, पण कुठल्यातरी संस्थेत, नीट माहीत नाही.

मग विचारलं, तीनकपपुढे लाल खूण कसली? म्हटलं, बंदी घातलीय. का? भांडली म्हणून. त्याने चष्मा काढला. म्हणाला, सुरी, ती गेल्या वर्षी गेली. मी पोचवून आलो. शेवटी शेवटी श्वास लागायचा तिला, सारखी म्हणायची खिडकी उघडा. तिला तू आता कशाची बंदी घालतेस?

सून दारात होती. तीच म्हणाली, काका, चहा घेता ना.

तो गेल्यावर बंदी उठवली. उगाच राग धरून काय करायचंय. खिडकी उघडी ठेवावी असा नियमही लिहिला, ॲडमिनच्या सहीने.

लवंगीबद्दल त्याला काही ठाऊक नव्हतं. म्हणजे आहे. गेलेल्यांचंच त्याला बरोबर ठाऊक असतं. मध्ये पेन्शनच्या कागदासाठी तिच्या मुलाचा ईमेल आला होता म्हणे, तो पत्ता देऊन गेला.

मी मागितला नव्हता. विचारला फक्त.

१४ एप्रिल, सोमवार

लवंगीच्या मुलाला मेल केला. थोडक्यात. तुझ्या आईसाठी खातं उघडलंय, पासवर्ड हा, लिंक ही. जागेची काळजी करू नका, डेटाबेस मोठा आहे, मुद्दाम घेतलाय. तिला म्हणावं, सुरीने तुझा बिल्ला लावलाय, ये आणि बस.

सुनेने शुद्धलेखन तपासून दिलं. हल्ली खोचक काही बोलतच नाही, बरी वागते. काहीतरी बिनसलंय तिचं.

२१ एप्रिल, सोमवार

उत्तर नाही. कारणं:

तिकडची वेळ वेगळी.

मुलगा कामात असणार. लहानपणीही तो एक वाटी पाणी आणायला अर्धा दिवस लावायचा.

लवंगी मोठं लिहीत असणार. तिला थोडक्यात जमत नाही.

सपोर्टवालीला फोन करून विचारलं, एखादी बाई एकदम खूप लिहिते म्हणाली तर एका पोस्टची मर्यादा किती? ती म्हणाली, आजी, पुस्तक लिहिलं तरी मावेल. तरी मर्यादा वाढवून घेतली. आणि रोजचा बॅकअपही. ती बोलेल आणि वीज जाईल, मग? तिला पुन्हा सांग म्हटलं तर दुसरंच सांगते ती.

सपोर्टवाली म्हणाली, आजी, एक विचारू, कोण येणार आहे? म्हटलं, सगळ्या येणार आहेत.

२९ एप्रिल, मंगळवार

लवंगीचा ठिपका पेटला.

मी पेटवलेला नाही. मी आंघोळीला गेले होते.

त्याच दिवशी, नंतर

लवंगी नव्हती. तिची सून होती. तिच्या नावाने आत आली, आयुष्य-चाचणीच्या बाकावर बसली, आणि लिहिलं. नीट लिहिते, साधं. इथे उतरवून ठेवते, कारण बॅकअपवर माझा भरवसा नाही.

लिहिते की आई आता कुणालाच ओळखत नाहीत. मुलाला नाही, मला नाही. बोलणं जवळजवळ बंद आहे. (लवंगीचं. बोलणं. बंद.) पण रोज सकाळी उठून बसतात आणि घाबऱ्याघुबऱ्या होऊन एकच विचारतात: माझा बिल्ला लावला का? आम्हाला काही कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, असं काहीबाही बोलतात या आजारात. आम्ही हो म्हणायचो, पण त्यांना पटत नाही, दाराकडे धावतात, चप्पल शोधतात, उशीर झाला म्हणतात. दोनदा जिन्यावरून पडल्या. यांनी काल तुमचा मेल दाखवला. तेव्हा कळलं बिल्ला म्हणजे काय, आणि तो लावायचं कोण. मावशी, त्यांना माझं खरं वाटत नाही. तुम्ही तुमच्या आवाजात एकदा सांगाल का?

वाचलं. पुन्हा वाचलं. इतक्या मोठ्या कोठीत एकच पोस्ट खरी, आणि तीही तिची नाही.

३० एप्रिल, बुधवार

आवाज रेकॉर्ड केला. सुनेने फोन धरला. खूप काही सांगायचं ठरवलं होतं. तिला म्हणणार होते की तुझा फोन का येईना, मी काय मेले होते का? घड्याळबाई रोबो झाली म्हणून सांगणार होते, तीनकपचं सांगणार होते. भरपूर जागा आहे, बोल गं, बोल.

बटण दाबल्यावर एवढंच आलं: लावला. बस.

सून म्हणाली, एवढंच? म्हटलं, एवढंच असायचं.

फाइल पाठवली. फोरमवर आकार दिसतो. नखाएवढीही नाही.

३ मे, शनिवार

तिच्या सुनेचं उत्तर आलं. परवा सकाळी पहिल्यांदा आवाज ऐकवला. लवंगीने कान दिला. मग म्हणाली, ही कोण बाई?

मग म्हणाली, बरं. आणि बसली. चप्पल शोधली नाही.

तर मला ओळखलं नाही. चालेल. फळ्यावर बिल्ला लावणारीचा नंबर कधीच नसायचा, ज्याचा बिल्ला त्याचाच असायचा.

तिने आणखी लिहिलंय, मावशी, तोच आवाज रोज लावला तर त्या वैतागतात, म्हणतात ही कालचीच. रोज नवीन पाठवाल का? लवंगी ती लवंगी. सगळं विसरली, पण शिळं चालत नाही.

५ मे, सोमवार

सपोर्टवालीला फोन केला. म्हटलं, मोठा प्लॅन काढ, सगळ्यात लहान दे, शंभर भाडेकरू आणि एक नळवाला. ती म्हणाली, आजी, तुमचा फोरम बंद करताय का? म्हटलं, बंद का? रोज एक पोस्ट असते. ती म्हणाली, मग लहान प्लॅन तुम्हाला आयुष्यभर पुरेल. हे तिने मार्चमध्येही सांगितलं होतं, पण नीट सांगितलं नव्हतं. चूक तिची.

बाकीच्या बायकांची खाती मिटवली नाहीत. पेटवत नाही फक्त. घड्याळबाईलाही राहू दिलंय. कुणीतरी वेळ सांगायला हवं.

६ मे, मंगळवार. सकाळ.

लावला.